आमच्या राउटरचा उखाणा

भाग्योदय अपार्टमेंट, हिंगोली.
संक्रांतीनंतरचा गुरुवार.

श्री. सोमेश्वरराव इवाई, मुक्काम हट्टा, यांना विश्वंभरचा दोन्ही हात जोडून नमस्कार. ईनबाई रुख्मिणीबाईंनाही आमच्या घरून नमस्कार सांगावा, आणि संक्रांतीचे तिळाचे लाडू पोचले, फार चांगले होते, हेही सांगावं. (थोडे कडक होते. पण ते सांगू नये.)

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची लेक, म्हणजे आमची सून वैष्णवी, बरी आहे. आपली नातही बरी आहे. खालचे दात आल्यापासून दिसेल ते चावून राहिली. माझ्या चष्म्याची एक काडी चावली, आणि टीव्हीच्या रिमोटचं आवाज वाढवायचं बटण आता कामातून गेलं आहे. तुमचा गुडघा कसा आहे? हळद काढायला माणसं मिळाली का? म्हैस व्याली, का अजून वाट बघायला लावून राहिली? सगळं सविस्तर कळवा. तुम्ही म्हणाल, एवढं विचारायला पत्र काहून, फोन न्हाई का? तर इवाई, तुम्ही फोन आला की तो स्पीकरवर टाकता आणि शेतातल्या आखाड्यावरची सगळी माणसं हातातलं काम टाकून ऐकत बसतात. आणि माझा आवाज तर तुम्हाला माहीतच आहे. सारी नोकरी बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून गाड्या पुकारण्यात गेली. मी घरात कुजबुजलो तरी खालच्या मजल्यावरचा माणूस हो म्हणतो. आजचा विषय असा आहे की तो वैष्णवीच्या कानावर जाऊ नये. म्हणून हे पत्र.

विषय आहे बिनवायरचं इंटरनेट देणारा डबा, ज्याला राउटर म्हणतात. या डब्यापायी आम्ही काय काय भोगलं ते मी तुम्हाला निव्वळ आपुलकीनं कळवत आहे. दुसरा काही हेतू नाही.

तुम्हाला माहीत आहे की आमचा रविंद्र कंपनीच्या कामानं गुजरातेत गेला आणि वैष्णवी लेकराला घेऊन दिवाळीनंतर पुण्याहून आमच्याकडं आली. तिची नोकरी काँप्युटरवरची. तिच्या साहेबानं सांगितलं होतं की तू हिंगोलीतून काम कर, आमची हरकत नाही, पण तिथलं नेट पक्कं पाहिजे. बैठकीत आवाज तुटला, चित्र अडकलं, तर तुला पुण्याला यावं लागेल. म्हणजे बघा, आमचं लेकरू आमच्या घरात राहणार का जाणार, हे एका डब्यावर येऊन ठेपलं. मी इतकी वर्षं गाड्या सोडल्या, पण एकाही गाडीची एवढी धास्ती घेतली नव्हती. घरात लेकरू आल्यापासून रविंद्रची आई सकाळी ओव्या म्हणत उठते. मधली कित्येक वर्षं ती नुसतीच उठत होती.

राउटर घ्यायला मी जहांगीरभाईंच्या सोहेलकडं गेलो. जहांगीरभाई पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे ते तुम्हाला आठवत असतील. आता दुकान पोरगं बघतं आणि नेटचं कनेक्शनही तोच देतो. वैष्णवीनं कोणता राउटर घ्यायचा त्याचं नाव माझ्या मोबाईलवर पाठवलं होतं, पण मोबाईल मी मुद्दाम घरी ठेवला. कालच्या पोरीनं सांगायचं आणि मी दुकानात जाऊन ते वाचून दाखवायचं, हे मला पटलं नाही. सोहेलनं तीन राउटर काचेवर मांडले. एकाला दोन अँटेना, एकाला चार, एकाला सहा. मी तिन्ही हातात घेऊन वजन पाहिलं, उलटे करून पाहिले, गरम होतात का विचारलं, लाइट किती खातात विचारलं, वागायला कसे आहेत हेही विचारलं. (बैलबाजारात जे विचारतो तेच विचारलं. दात तेवढे पाहिले नाहीत.) सहावाला उताण्या पडलेल्या खेकड्यासारखा दिसत होता, तो मी बाजूला सारला. मग सोहेलनं विचारलं की चाचा, घर कितना बडा है. आता दुकानात चार ओळखीची माणसं उभी. तिथं दोन खोल्या, एक हॉल आणि गॅलरी असं सांगायला जीभ रेटेना. मी म्हणालो, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत. त्यानं अपार्टमेंट पाहिलेलं नव्हतं. त्यानं चारवाल्यातलाच सगळ्यात जोरदार डबा काढून दिला आणि म्हणाला की चाचा, गच्चीवर बसून सुद्धा बराबर चालेल. मी खूश होऊन घरी आलो. तो डबा गच्चीपर्यंत पोचत असेल तर वाटेतल्या सगळ्यांच्या घरातून जात असणार, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही, आणि तो तुमच्याही आला नसता, इवाई.

घरी आल्यावर वैष्णवीनं कपाळाला हात लावला नाही, ही तुमच्या घरची शिकवण. ती फक्त म्हणाली की चालेल, बाबा. पण रविंद्रच्या आईनं राउटर आधी पाटावर ठेवला. नवी वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू लागतं. तिनं नारळ फोडला, राउटरला अक्षता वाहिल्या आणि जिथं जिथं बारीक दिवे लुकलुकत होते तिथं तिथं नेमकं बोट टेकवून कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी नेट गेलं. मी सोहेलला फोन लावला. त्यानं विचारलं की दिवा कोणत्या रंगाचा आहे. मी म्हणालो, लाल. तो म्हणाला, लाल म्हणजे तार तुटली, खांबावर चढावं लागेल. तो आला, खांबावर चढला, तार तपासली, उतरला आणि म्हणाला की तार तर चांगली आहे. मधल्या वेळात नेट आपोआप आलं होतं. तो गेल्यावर मी सहज पाहिलं, तर दिवा लालच. मी पुन्हा फोन केला. तो पुन्हा आला, पुन्हा चढला. शेवटी घामाघूम होऊन वर आमच्या घरात आला, राउटरजवळ गेला आणि गळ्यातल्या रुमालानं दिवा पुसला. खाली हिरवागार. सोहेल गुणी लेकरू, चहा पिऊन गेला. पण जाताना रविंद्रच्या आईला म्हणाला की चाची, अगली बार कुंकू पीछे लगाओ.

मग डबा ठेवायचा कुठं यावरून घरात फार दिवस तणातणी झाली. वैष्णवीचं म्हणणं, घराच्या मधोमध. रविंद्रच्या आईचं म्हणणं, काहीही करा पण तोंड दक्षिणेला नको. (राउटरचं तोंड कोणतं हे तिनं स्वतःच ठरवलं.) माझं म्हणणं, दारातून आत येणाऱ्याला दिसेल असा. शेवटी माझंच झालं आणि टीव्हीच्या वर खिळा मारला. तर काय, गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांपर्यंत नेट पोचतं आणि वैष्णवीच्या खोलीत पोचत नाही. सोहेलनं कारण सांगितलं की मधे स्वयंपाकघरातली मांडणी येते. तुम्ही ती पाहिलेली आहे. आमच्या सासऱ्यांनी दिलेली पितळी घागरी, हंडे, पराती आणि स्टीलचे डबे थेट छतापर्यंत. त्या पितळेतून नेट जात नाही म्हणे. मी मांडणी हलवू म्हणालो तर रविंद्रच्या आईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी विषय पापडांवर नेला. शेवटी वैष्णवीच उठून हॉलमध्ये आली. तेव्हापासून ती हॉलमध्ये काम करते आणि मी लेकराला घेऊन गॅलरीत बसतो. तिला मी खालच्या गाड्या दाखवतो, कोणती कुठं चालली ते सांगतो. ती माझ्या नाकाला धरून ऐकते. खरं सांगू का, इवाई, माझ्या नोकरीत एकाही प्रवाशानं माझं इतकं लक्ष देऊन ऐकलं नाही.

आता पासवर्ड. इथं नीट लक्ष द्या, कारण खरा घोटाळा इथंच झाला. वैष्णवीनं बजावून सांगितलं होतं की तिच्या कंपनीची कागदपत्रं या नेटवरून जातात, तेव्हा पासवर्ड लांबलचक आणि अवघड ठेवायचा आणि घराबाहेर कुणालाही द्यायचा नाही. पण आमच्या अपार्टमेंटची रीत तुम्हाला माहीत नाही. इथं विरजण मागायला आलेल्याला कुणी परत पाठवत नाही. कढीपत्ता, सांडशी, पाटा-वरवंटा, आलेल्या पाहुण्यासाठी जास्तीची गादी, सगळं या दारातून त्या दारात जातं. आणि रविंद्रच्या आईला तर नाही म्हणताच येत नाही. कुणी दारात येऊन पासवर्ड मागितला तर ती तो वाटीत घालून, वर झाकण ठेवून देईल. समोरच्या जैनबबी तर तिच्या सख्ख्या बहिणीसारख्या. त्यांच्या गुलनाजला परीक्षेचा अभ्यास मोबाईलवर करायचा असतो. वरच्या मजल्यावर आमचे चेअरमन बाबूसिंग, त्यांना कुस्त्या बघायच्या असतात. सगळे टपलेलेच.

मी दोन दिवस विचार केला आणि मला एक युक्ती सुचली. अशी युक्ती त्या अमेरिकेतल्या राउटर करणाऱ्यालाही सुचली नसेल. मी पासवर्ड म्हणून माझंच नाव ठेवलं. काहून? तर रविंद्रच्या आईनं लग्न झाल्यापासून माझं नाव तोंडातून काढलेलं नाही. मला ती अहो म्हणते, माझ्यामागं हे म्हणते, दवाखान्यात विचारलं तर केसपेपरवरच्या नावाकडं बोट दाखवते. म्हणजे कुणी कितीही मागितलं तरी तिच्या तोंडून पासवर्ड निघणंच शक्य नाही. आणि अपार्टमेंटमध्ये मला सगळे कंट्रोलर साहेब म्हणतात, दारावरच्या पाटीवरही तेच आहे. माझं नाव विश्वंभर आहे हे पोस्टमन सोडून कुणाला ठाऊक नाही. वैष्णवी म्हणाली की बाबा, नावाचा पासवर्ड सोपा असतो. मी म्हणालो की पोरी, तुला आमच्या पिढीतल्या बायका माहीत न्हाईत. ती हसली आणि बरं म्हणाली. ते हसणं मला तेव्हा कळायला पाहिजे होतं.

युक्ती संक्रांतीपर्यंत टिकली आणि मग फसली, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. झालं असं की बाबूसिंगांच्या घरून पद्माबाई पासवर्ड मागायला आल्या. रविंद्रच्या आईनं नाही म्हटलं नाही. ती पदर तोंडाला लावून म्हणाली की बाई, देऊन टाकला असता, पण ते माझ्या तोंडून न्हाई निघायचं. एवढंच म्हणाली. आता हे वाक्य एखाद्या पुरुषानं ऐकलं असतं तर मुकाट्यानं परत गेला असता. पद्माबाई जिना चढायच्या आत समजल्या. बाईच्या तोंडून न निघणारी गोष्ट जगात एकच असते, आणि ती कोणती हे त्यांनाही पक्कं माहीत, कारण बाबूसिंगांचं नाव त्याही घेत नाहीत. मग आमचं नाव काय, एवढाच प्रश्न उरला. तो त्यांनी गेल्या रविवारी, स्वतःच्या घरच्या हळदीकुंकवात सोडवला.

पुढचं मला जैनबबीकडून कळलं. त्या गुलनाजला घेऊन तिळगूळ खायला गेल्या होत्या. सगळ्या बायका जमल्या, वाण लुटून झालं, आणि पद्माबाईंनी काढलं की आज सगळ्यांनी नाव घ्यायचं. दोघी-तिघींनी घेतलं ते कुणी धड ऐकलंही नाही म्हणे. मग सगळ्या आमच्या घरच्यांकडं वळल्या. आता गोष्ट अशी आहे, इवाई, की ही बाई एरवी नाव घेत नाही, पण उखाण्यात घ्यायला तिला मनापासून आवडतं. हक्काची जागा तेवढीच. ती सावरून बसली, पदर नीट केला आणि खणखणीत म्हणाली:

भिंतीवरच्या डब्याला दिवे हिरवे हिरवे,
विश्वंभररावांच्या नावानं सारं घर मिरवे.

काही कसर ठेवली नाही. नाव तर सांगितलंच, वर ते कोणत्या डब्याचं आहे हेही सांगितलं. जैनबबी म्हणतात, टाळ्या वाजल्या आणि लगेच सगळ्यांच्या माना खाली आणि सगळ्यांचे मोबाईल वर. गुलनाजनं इंग्रजीतली अक्षरं दोन-तीन तऱ्हेनं लावून पाहिली आणि तिसऱ्या वेळेला कुलूप उघडलं. रविंद्रची आई वाणाची वाटी घेऊन आनंदानं घरी आली. मला म्हणाली की आज माझा उखाणा सगळ्यांना फार आवडला.

दुसऱ्या दिवशी सोमवार, वैष्णवीची सगळ्यात मोठी बैठक. पुण्याचे मोठे साहेब स्वतः असणार होते, आणि पुढचे काही महिने इथूनच काम करू द्या असं ती त्यांना विचारणार होती. सकाळपासून घरात दहावीच्या परीक्षेसारखं वातावरण. रविंद्रच्या आईनं तिच्या हातावर दही दिलं. मी लेकराला घेऊन गॅलरीत बसलो आणि काचेतून आत बघत होतो. सुरुवात बरी झाली. मग वैष्णवी बोलता बोलता थांबली. म्हणजे ती बोलत होती, पण पडद्यावर तिचं तोंड उघडं ते उघडंच. साहेब काहीतरी म्हणून राहिले होते, ते तुकड्या-तुकड्यानं येत होतं. तिनं मोबाईलवर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. सगळं अपार्टमेंट आमच्या राउटरला चिकटलेलं. वर बाबूसिंगांच्या घरी कुस्ती चालू, समोर गुलनाजचा क्लास, आणि खाली कुणीतरी सिनेमा लावलेला. पासवर्ड तिथल्या तिथं बदलावा तर राउटर बंद होऊन पुन्हा चालू होईपर्यंत बैठकच तुटते. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तुमच्या लेकीच्या डोळ्यांत मी पाणी एकदाच पाहिलं होतं, लग्नात तुमच्या घरातून निघताना. मला राहवलं नाही.

मी लेकराला तिच्या आजीकडं दिलं आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. पण गळ्याला सवय एकाच गोष्टीची. मी म्हणालो, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं, भाग्योदय अपार्टमेंटमधून विश्वंभर या नेटवर बसलेल्या सर्व प्रवाशांनी ताबडतोब खाली उतरावं, गाडी पुढं जाणार नाही, कुस्तीवाल्यांनीही उतरावं. जिन्यात आवाज असा घुमला की समोरच्या मेडिकलवाल्याचं शटर अर्धं खाली आलं. दारं उघडली. जैनबबींनी गुलनाजचा मोबाईल हातातून काढून घेतला आणि ओट्यावर पालथा घातला. सिनेमावाले लाजले. तेवढ्यानं काम झालं असतं. पण बाबूसिंगांना वाटलं, आपण चेअरमन, आपण काहीतरी भरीव केलं पाहिजे. ते धडाधडा जिना उतरून मीटरच्या खोलीत गेले आणि एका माणसानंही नेटवर राहू नये म्हणून त्यांनी सगळ्या बिल्डिंगचा मेन स्विच पाडला. झालं. कुस्ती थांबली, पंखे थांबले आणि आमचा राउटरही थांबला.

वैष्णवी लॅपटॉप घेऊन बाहेर आली. मोबाईलच्या नेटला घरात रेंज नाही, ती फक्त जिन्याच्या वळणावर मिळते, खिडकीपाशी. मग तिथंच बैठक झाली. मी दोन्ही हातांवर लॅपटॉप धरून उभा राहिलो, रविंद्रच्या आईनं मोबाईल खिडकीच्या गजाला लावून धरला, लेकरू जैनबबींच्या काखेत, आणि वरच्या पायऱ्यांवर सगळ्या बायका पदर तोंडाला लावून. बाबूसिंग खालच्या पायरीवर कुत्री येऊ नयेत म्हणून पहारा देत होते. वैष्णवी बोलली. सगळं इंग्रजीत, न अडखळता. आवाज बिलकुल हलला नाही. मला एक शब्द कळला नाही, पण माझे हात दुखायचे थांबले. मधेच साहेबांनी विचारलं असावं की मागं ही कोण माणसं आहेत, कारण तिनं वळून एकदा सगळ्यांकडं पाहिलं आणि मराठीतच सांगितलं, "माझ्या घरचे आहेत."

जैनबबींनी डोळे पुसले. पद्माबाईंनी तर तिथंच रडायला सुरुवात केली आणि म्हणाल्या की माझ्यामुळं झालं. माझंही काही बरं नव्हतं, पण लॅपटॉप हातात असल्यानं मला पुसता आलं नाही. नंतर मी वैष्णवीला विचारलं की साहेब काय म्हणाले. ती म्हणाली, बघतो म्हणाले. आणि लेकराचे कपडे वाळत घालायला गेली. बघतो म्हणजे होकारच असं मी धरून चाललो आहे. आम्हीही स्टँडवर ज्याला गाडी द्यायची त्यालाच बघतो म्हणायचो.

त्याच दिवशी तिनं पासवर्ड बदलला. एवढा लांब ठेवला आहे म्हणे की तो पाठ करायला आषाढ लागेल. मला सांगत नाही. रविंद्रच्या आईला सांगत नाही. म्हणजे राउटर मी निवडला, मी आणला, मी खिळा मारला, आणि मलाच नेट नाही. मला काही बघायचं असेल तर मी जैनबबींच्या दारात खुर्ची टाकून बसतो. त्यांनी आता स्वतःचं कनेक्शन घेतलं आहे आणि पासवर्ड मागितल्याबरोबर दिला, सोबत शेवया दिल्या.

तर इवाई, सगळी हकीकत ऐकून तुमच्या लक्षात आलंच असेल की राउटर ही सभ्य माणसानं घरात आणण्याची वस्तू नाही. शहरात, अपार्टमेंटमध्ये, नाइलाज असतो. खेड्यातल्या मोकळ्याढाकळ्या घराला तर तो अजिबात शोभत नाही. हळदीच्या धुळीनं त्याचे दिवे पिवळे पडतील, म्हैस दूध चोरेल, माणसांची झोप जाईल. तुमचा गुडघा आधीच दुखतो, त्यात खांबावर कुणी चढायचं? एवढंच कळवायचं होतं. ईनबाईंना पुन्हा नमस्कार. तब्येतीला जपा.

आपला,
विश्वंभर

ता. क. : आता खरं लिहितो. परवा सोहेल भेटला होता. तो म्हणाला की हट्ट्याचे एक मिशीवाले साहेब दुकानात येऊन सहा अँटेनावाला राउटर ठरवून गेले, आणि म्हणत होते की लेक आणि नात आता आमच्याकडं राहायला येणार आहेत. इवाई, हात जोडतो, तो राउटर घेऊ नका. तुमच्याकडं शेत आहे, म्हैस आहे, माणसांनी भरलेलं घर आहे. आमच्याकडं दोन खोल्या आहेत आणि त्यात हे एक लेकरू. तिची आजी सकाळी गाते, मी तिला गाड्या दाखवतो. तुमची नात माझ्याकडं असली की मला रिटायर झाल्यासारखं वाटत नाही. मोठं मन करा. हे वैष्णवीला कळू देऊ नका.

आणखी एक ता. क. : वैष्णवीला कळलं आहे. पाकीट चिकटवायला मी पत्र रविंद्रच्या आईकडं दिलं, तिला चष्मा सापडेना, म्हणून तिनं ते वैष्णवीकडून वाचून घेतलं. वैष्णवीनं सगळं वाचलं आणि माझ्याजवळ येऊन बसली. साहेबांनी सोमवारीच नाही म्हणून सांगितलं होतं. नेटचा दोष नाही. कंपनीनं सगळ्यांनाच परत बोलावलं आहे. तसं होणार हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, सोमवारी ती शेवटचं विचारून बघत होती. रविंद्रही गुजरातेतून परत येतो आहे. रथसप्तमी झाली की ते तिघं पुण्याला. रविंद्रच्या आईलाही माहीत होतं. मला सांगितलं असतं तर मी जिन्यात पुकारलं असतं, म्हणून नाही सांगितलं. मी विचारलं, मग मला राउटर आणायला कशाला लावलं? तर ती म्हणाली, "बाबा, तो माझ्यासाठी नव्हता. आम्ही गेल्यावर तुम्हाला लेकरू दिसायला पाहिजे ना."

तेव्हा वरचा ता. क. रद्द समजावा. तुम्ही राउटर घ्याच, आणि सहा अँटेनावालाच घ्या. सोहेलला मी सांगून ठेवतो, तो स्वतः हट्ट्याला येऊन बसवून देईल. वैष्णवी म्हणते की एकाच वेळी पुणे, हिंगोली आणि हट्टा असे तिन्ही पडद्यावर दिसतात, आणि लेकराला रोज संध्याकाळी सातला समोर बसवणार आहे. तुम्ही सातला बसत जा. मी सहालाच बसलेला असेन.